सकाळी सहा पंचवीसला सर्व्हर का अडायचा: सोर्सवरून बसवलेले एचटॉप, बीटॉप आणि एटॉप

मी कोल्हापूरकडच्या एका दूध संस्थेचा सर्व्हर बघतो, सात संकलन केंद्रं त्याला जोडलेली आहेत, सकाळी पावणेसहाला दूध यायला सुरुवात होते, फॅट आणि एसएनएफचं (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) रीडिंग मशीनवरून थेट सर्व्हरला जातं आणि पावती छापून येते. पावती अडकली की लाइन अडकते, आणि त्या लाइनीत उभा असलेला माणूस घरी जनावरांचं सगळं आवरायचं ठेवून कॅन घेऊन आलेला असतो, त्यामुळे सर्व्हर स्लो झाला हे माझ्यासाठी नुसतं टेक्निकल प्रकरण कधीच नव्हतं. तर २०२४ मध्ये जवळजवळ दीड महिना मला सकाळी साडेसहाच्या पुढे फोन यायचे, "सर, स्क्रीन नुसती फिरायलीय." मी लॅपटॉप उघडून लॉगिन करेपर्यंत पावणेसात-सात, आणि तोवर सगळं एकदम व्यवस्थित चाललेलं. सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर ठरलेलं, रॅम वाढवा. तेव्हा हे नक्की काय आहे ते स्वतःच शोधायचं म्हणून मी एचटॉप, बीटॉप आणि एटॉप ही मॉनिटरिंगची टूल्स, म्हणजे मशीनवर कुठला प्रोग्राम किती सीपीयू, मेमरी, डिस्क खातोय ते दाखवणारी, सोर्सवरून कंपाइल करून (मूळ कोड आणून आपल्याच मशीनवर त्याचा चालणारा प्रोग्राम बनवून) बसवली, त्याला आता बरेच महिने झालेत, म्हणून कुठलं टूल कितपत कामाला आलं ते नीट लिहितोय.

मशीन तेव्हा उबंटू २०.०४ वर होतं, चार जीबी रॅम आणि साधी फिरणारी हार्ड डिस्क. आता कुणी विचारेल की ॲप्ट (उबंटूचं तयार पॅकेज बसवणारं टूल) इन्स्टॉल केलं की एचटॉप येतो, मग कंपाइल करायचा खटाटोप कशाला? कारण २०.०४ मधला एचटॉप २.२.० आहे, म्हणजे बराच जुना. एचटॉप २००४ मध्ये हिशम मुहम्मद या ब्राझीलच्या प्रोग्रामरने सुरू केला, मधे त्याचं काम थंडावलं होतं, आणि २०२० मध्ये नव्या मेंटेनर लोकांनी एकत्र येऊन ३.० काढला. मला पाहिजे होत्या त्या दोन्ही गोष्टी या तीनच्या मालिकेतल्या. एक म्हणजे पीएसआय मीटर, कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून लिनक्स स्वतःच सांगतो की सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी प्रोसेसेस (चालू असलेले प्रोग्राम) किती वेळ नुसत्या ताटकळत होत्या, आणि तो आकडा एचटॉपच्या वरच्या भागात लावता येतो. दुसरी म्हणजे ३.२ पासून आलेला आयओचा वेगळा टॅब, टॅबचं बटण दाबलं की कुठली प्रोसेस डिस्कवर किती वाचतेय-लिहितेय ते दिसतं (सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने चालवा, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचे आकडे दिसणार नाहीत).

एचटॉप कंपाइल करणं या तिघांत सगळ्यात सोपं. मी ३.३.० घेतला. इथे एक गोष्ट सांगतो जिथे बरेच जण पहिल्या पाच मिनिटांत अडकतात, गिटहबच्या रिलीज पानावर "सोर्स कोड" नावाची जी झिप आपोआप तयार झालेली असते ती घेतली तर त्यात कॉन्फिगर स्क्रिप्टच (मशीनवर लागणाऱ्या गोष्टी आहेत का ते तपासणारी) नसते, मग ऑटोकॉन्फ, ऑटोमेक टाका, ऑटोजेन चालवा वगैरे करत बसावं लागतं. त्याच पानावर टार डॉट एक्सझेड अशी मेंटेनर लोकांनी टाकलेली फाइल असते ती घ्या, त्यात कॉन्फिगर तयार असते. बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरेचं पॅकेज) आणि एनकर्सेसचं (टर्मिनलवर स्क्रीन रंगवणारी लायब्ररी) डेव्ह पॅकेज एवढं टाकलं की कॉन्फिगर, मग मेक (प्रत्यक्ष कंपाइल करणारी कमांड), मग सुडो मेक इन्स्टॉल, संपलं. डेव्ह पॅकेज हा शब्द नव्या लोकांना गोंधळात टाकतो, एनकर्सेस मशीनवर आधीच असतं तरी कॉन्फिगर म्हणतं सापडत नाही, कारण चालवायला लायब्ररी पुरते पण कंपाइल करायला तिच्या हेडर फाइल्स लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात येतात, डेबियन-उबंटूकडे शेवटी डेव्ह लागतं, रेड हॅटकडे डेव्हेल.

पण कॉन्फिगर यशस्वी झालं म्हणजे सगळं आलं असं धरू नका. एचटॉपचं कॉन्फिगर शेवटी एक यादी छापतं, युनिकोड येस, सेन्सर्स नो, डिले अकाउंटिंग (प्रोसेस कशासाठी किती वेळ थांबली त्याचा हिशोब) नो अशी. लायब्ररी सापडली नाही तर ते एरर न देता ते फीचर गुपचूप बंद करून पुढे जातं. मी पहिल्यांदा ती यादी न वाचता मेक मारलं आणि नंतर अर्धा तास सीपीयूचं तापमान का दिसत नाही म्हणून सेटिंग धुंडाळत होतो. लिब-सेन्सर्सचं डेव्ह पॅकेज टाकलं, डिले अकाउंटिंगसाठी लिब-एनएलची दोन डेव्ह पॅकेजं टाकली, परत कॉन्फिगर केलं आणि दोन्हीपुढे येस आलं, मगच मेक.

अजून एक. मेक इन्स्टॉल झालं, मी एचटॉपची व्हर्जन विचारली तर उत्तर २.२.०! परत इन्स्टॉल केलं, परत तेच. नवीन एचटॉप यूएसआर लोकल बिनमध्ये व्यवस्थित बसलेला होता, पाथमध्येही (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी) यूएसआर लोकलच आधी होता, पण बॅश (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) एकदा चालवलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतं आणि त्याच सेशनमध्ये परत तिथेच जातं. हॅश मायनस आर एवढं टाइप केलं की ते विसरतं आणि नवीन शोधतं, किंवा लॉगआउट होऊन परत या. हे माहीत नसेल तर माणूस विनाकारण सगळं पुसून परत सुरू करतो.

एचटॉपबद्दल माझं मत एकदम चांगलं आहे. हलका आहे, एफ५ दाबलं की कुठली प्रोसेस कुणी सुरू केली त्याचं झाड दिसतं, आणि डिस्कचा पीएसआय लावल्यावर मला पहिल्यांदा कळलं की सीपीयू दहा टक्क्यांवर असतानाही मशीन अडलेलं असू शकतं. पण माझा मूळ प्रश्न त्याने सुटला नाही, तो आत्ताचं दाखवतो, आणि माझा घोळ मी बघायला यायच्या आधी संपलेला असायचा.

मग बीटॉप. दिसायला याच्याइतकं देखणं टर्मिनलमधलं टूल मी तरी पाहिलेलं नाही, ग्राफ, रंग, माऊसने क्लिक करता येतं, नेटवर्क-डिस्क-प्रोसेस सगळं एका स्क्रीनवर. अरिस्टोक्रॅटॉस नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने आधी हे बॅशमध्ये लिहिलं, बॅशटॉप, मग पायथनमध्ये बीपायटॉप आणि २०२१ मध्ये सी प्लस प्लसमध्ये बीटॉप, म्हणजे एकच कल्पना तीन वेळा नव्याने लिहिली आणि दर वेळी ती जास्त वेगवान झाली, या चिकाटीचं मला मनापासून कौतुक वाटतं. कंपाइल करताना मात्र ते जुन्या मशीनला दमवतं. सी प्लस प्लस २० लागतं, म्हणजे मी घेतलेल्या आवृत्तीला जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) किमान १० पाहिजे, आणि उबंटू २०.०४ चा नेहमीचा जीसीसी ९ आहे. मेक मारलं की कंपायलर जुना आहे म्हणून लगेच थांबतं. बरं आहे की जी प्लस प्लस १० तिथल्याच रिपॉझिटरीत मिळतो, तो टाकून मेकला सीएक्सएक्स म्हणून त्याचं नाव दिलं की चालतं, मूळ कंपायलरला हात लावावा लागत नाही. कंपाइल होताना एकेका फाइलपुढे किती टक्के झालं, ऑब्जेक्ट केवढा झाला आणि किती सेकंद लागले हे छापत जातं, असं नीटनेटकं मेक आउटपुट मी क्वचितच बघितलंय, एरवी पानभर फ्लॅग्ज पळत असतात आणि त्यातलं काही समजत नाही.

हेच मी संस्थेच्या दुसऱ्या एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल सर्व्हर) करायला गेलो, एक जीबी रॅमवाला, फक्त रिपोर्ट्ससाठी आहे. मेक मायनस जे ४ दिलं आणि थोड्या वेळात कंपायलर "किल्ड" म्हणून मेला. काय चुकलं ते मेकच्या आउटपुटमध्ये कळत नाही, डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघितलं तेव्हा दिसलं की मेमरी संपली म्हणून कर्नलनेच सीसी१प्लस, म्हणजे खुद्द कंपायलर मारलाय. चार फाइल्स एकदम आणि शेवटी लिंक टाइम ऑप्टिमायझेशन, एवढं एक जीबीत मावत नाही. दोन जीबीची स्वॅप फाइल (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) केली आणि जे १ ने चालवलं, वेळ बराच गेला पण झालं. खरं सांगायचं तर अशा मशीनवर कंपाइल करूच नका, बीटॉपवाले मसलवर बांधलेली स्टॅटिक बायनरी (सगळ्या लायब्ररी आतच असलेला तयार प्रोग्राम) स्वतःच देतात, ती कुठल्याही लिनक्सवर नुसती कॉपी करून चालते. सेंटओएस ७ वाल्यांनी तर तेच करावं, त्याचा जीसीसी ४.८.५ आहे आणि ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्टही संपलाय, तिथे सी प्लस प्लस २० च्या मागे लागण्यात काही हशील नाही.

माझ्या कामासाठी बीटॉप मी रोज उघडतो का? नाही. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर दिवसभर उघडा असतो, तिथे मला तो फार आवडतो. दूरच्या सर्व्हरवर, तालुक्याच्या नेटवरून एसएसएच करताना, एवढे ग्राफ दर दोन सेकंदाला रंगवायचे म्हणजे जड जातं, आणि लोकेल यूटीएफ-८ नसेल तर तो सुरूच होत नाही.

आता एटॉप, ज्याच्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहायला घेतला. हे टूल नेदरलँड्सच्या गेरलोफ लांगेवेल्ड यांचं, कित्येक वर्षं तेच सांभाळतायत. बघायला एकदम रुक्ष, आकड्यांच्या ओळी नुसत्या. पण हे मागे काय झालं ते लक्षात ठेवतं. बॅकग्राउंडला सर्व्हिस चालू राहते, ठरलेल्या अंतराने पूर्ण मशीनचा फोटो काढल्यासारखं सगळं फाइलमध्ये लिहिते, प्रोसेससकट, आणि २८ दिवसांच्या फाइल्स ठेवते. अंतर मुळात ६०० सेकंद असतं, मी ते ६० केलं, फाइल मोठी होते पण मला मिनिटाचा हिशोब हवा होता. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे सोबतचा अकाउंटिंगचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू असेल तर दोन फोटोंच्या मधे सुरू होऊन संपलेल्या प्रोसेसही त्यात येतात, नावाच्या दोन्ही बाजूंना टोकदार कंस लावून. म्हणजे गेलेल्या प्रोसेसचीही नोंद राहते.

कंपाइल करायला अवघड नाही, इथे कॉन्फिगर नाहीच, साधी मेकफाइल आहे, एनकर्सेस, झेडलिब आणि नवीन आवृत्त्यांना जीलिब यांची डेव्ह पॅकेजं लागतात. मग सुडो मेक, स्पेस, सिस्टमडीइन्स्टॉल (सगळं जोडून, मधे काही नाही) असा टार्गेट द्यायचा, नुसतं इन्स्टॉल नाही, म्हणजे सर्व्हिस फाइल्स पण जागेवर बसतात. एक काळजी घ्या, एचटॉप मुकाट्याने यूएसआर लोकलमध्ये जातो पण एटॉप थेट यूएसआर बिनमध्ये बसतो, जिथे ॲप्टचा एटॉपही बसतो. आधी ॲप्टचा असेल तर तो काढा आणि मगच हा टाका, नाहीतर एके दिवशी अपग्रेड करताना ॲप्ट तुमच्या बायनरीवर आपली जुनी बायनरी लिहून टाकेल.

बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला, सहा चाळीसला. या वेळी मी घाई केली नाही. चहा घेतला, आठ वाजता बसलो, त्या दिवसाची फाइल मायनस आर ने उघडली आणि मायनस बी ने सहा वीस दिलं. मग छोटा टी दाबत एकेक मिनिट पुढे. सहा एकवीस, बावीस, तेवीस, सगळं शांत. सहा पंचवीसनंतरच्या फोटोत डिस्कची ओळ लाल झाली, एसडीए (म्हणजे आमची डिस्क) बिझी ९७ टक्के, आणि पुढचे वीस-बावीस फोटो तशीच लाल. मेमरीची ओळ मात्र साधी, स्वॅप शून्य, कॅशमध्ये भरपूर जागा, म्हणजे रॅमचा काही संबंधच नाही. डी दाबून डिस्कप्रमाणे लावलं तर सगळ्यात वर मारियाडीबी (आमचा डेटाबेस) नाही, आपलं दूधाचं सॉफ्टवेअर नाही, तर अपडेटडीबी. आणि सहा सत्तेचाळीसच्या फोटोत तेच नाव टोकदार कंसात, म्हणजे काम उरकून गेलेलं. मी सातला लॉगिन करून काय बघणार होतो?

मग सगळं जुळलं. उबंटूत रोजचे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) सकाळी ६:२५ ला सुटतात. त्यात लोकेट कमांडसाठी पूर्ण डिस्कवरच्या फाइल्सच्या नावांची यादी करणारं अपडेटडीबी असतं. आमच्याकडे प्रत्येक पावतीची एक पीडीएफ ठेवली जाते, रोजच्या दोन हजारांच्या आसपास, आणि रात्रीचा बॅकअप हार्डलिंकवाल्या (त्याच फाइलला नुसतं दुसरं नाव देणाऱ्या) स्नॅपशॉटचा, म्हणजे जागा वाढत नाही पण रोज एक नवा फोल्डर आणि त्यात लाखो नावं. अपडेटडीबी रोज सकाळी इमानदारीने तो नवा फोल्डर आतपर्यंत चालत जायचं, फिरणाऱ्या डिस्कचं हेड इकडून तिकडे नाचायचं, आणि बरोब्बर त्याच वेळी सात केंद्रांवरून पावत्या लिहायला यायच्या. अपडेटडीबीच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रून पाथ्सची (कुठले फोल्डर वगळायचे त्याची) ओळ असते, तिच्यात बॅकअपचा फोल्डर टाकला. एक शब्द. दुसऱ्या दिवशी डिस्कची ओळ सहा पंचवीसला लाल झाली नाही आणि फोनही आला नाही, त्यानंतर आजपर्यंत त्या कारणासाठी आलेला नाही. रॅमसाठी जे कोटेशन आलं होतं ते तसंच राहिलं.

एवढं कौतुक केलंय तर त्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला पाहिजे. मार्च २०२५ मध्ये एटॉपमध्ये सुरक्षेची एक चूक निघाली, तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-३११६०. एटॉप सुरू होताना जीपीयूचे आकडे मागायला त्याच मशीनवरच्या एका पोर्टला आपोआप जोडायला बघायचा, जीपीयू असो वा नसो, आणि तिथे दुसऱ्या कुठल्या युजरने आपला प्रोग्राम बसवून वेडावाकडा डेटा पाठवला तर एटॉपची मेमरी बिघडवता यायची. एटॉप बऱ्याचदा रूटने (मशीनवर सगळे हक्क असलेला युजर) चालतो, त्यामुळे विषय गंभीर होता. २.११.१ मध्ये दुरुस्ती आली, आता तो स्वतःहून जोडत नाही, मुद्दाम मायनस के दिलं तरच जोडतो. ॲप्टने बसवलेल्यांना ती दुरुस्ती डिस्ट्रोकडून (उबंटू, डेबियन वगैरेंकडून) अपडेटमध्ये मिळाली. मी बसवलेल्या २.१० ला कोण देणार? ॲप्ट अपग्रेड केलं, सगळं अप टू डेट म्हणून सांगितलं आणि माझा एटॉप तसाच जुना, कारण ॲप्टला तो माहीतच नाही. मी ती बातमी योगायोगाने वाचली म्हणून त्याच संध्याकाळी नवीन कंपाइल केला. तेव्हापासून सोर्सवरून काय काय बसवलंय, कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेला, याची एक साधी टेक्स्ट फाइल मी प्रत्येक मशीनवर ठेवतो आणि त्या प्रोजेक्ट्सच्या रिलीजची सूचना गिटहबवर चालू करून ठेवलीये. तुम्ही कंपाइल करणार असाल तर हे पहिल्या दिवसापासून करा. आणि सोर्सचा फोल्डर पुसू नका, यूएसआर लोकलच्या एसआरसीमध्ये ठेवा, एचटॉपसारख्यांचं मेक अनइन्स्टॉल त्या फोल्डरातूनच चालतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. सिसस्टॅट (सार, आयओस्टॅट, पिडस्टॅट ही आकडे गोळा करणारी टूल्स) अप्रतिम आहे पण ते सोर्सवरून बसवायची मला गरज वाटली नाही, पॅकेजमधलं पुरतं, फक्त उबंटूत गोळा करणं सुरुवातीला बंद असेल तर ते ईटीसी डीफॉल्टमध्ये जाऊन चालू करा. एनमॉन हे असंच मॉनिटरिंगचं टूल आयबीएममधून आलेलं, २००९ मध्ये ओपन सोर्स झालं, सगळा सोर्स एका सी फाइलमध्ये, एका ओळीच्या कमांडने कंपाइल होतं, ज्यांना कंपाइल करणं नव्याने शिकायचंय त्यांनी हे पहिलं करून बघावं. आयओटॉप (फक्त डिस्कचा वापर दाखवणारं टूल) वापरणाऱ्यांसाठी एकच, कर्नल ५.१४ पासून डिले अकाउंटिंग मुळात बंद असतं, त्यामुळे आयओची टक्केवारी दिसत नसेल तर सिसीटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) टास्क डिलेॲक्ट १ करा, टूल परत परत कंपाइल करून काही होणार नाही.

आता सर्व्हर २४.०४ वर नेलाय. तिथे ॲप्टमध्येच एचटॉप ३.३.० येतो, तोच ठेवलाय, कंपाइल केला नाही. बीटॉप सर्व्हरवर टाकलाच नाही. एटॉप मात्र इथेही सोर्सवरून, मोठा बी दाबला की आता बार ग्राफही दाखवतो त्यामुळे संस्थेच्या सेक्रेटरींना समजावून सांगणं सोपं झालंय. आवृत्ती बदलल्यावर जुन्या फाइल्स उघडत नाहीत, फॉरमॅट जुळत नाही म्हणून सांगतो, तेव्हा घाबरून फाइल्स पुसू नका, सोबत एटॉपकन्व्हर्ट नावाचं टूल येतं, त्याला जुनी फाइल आणि नव्या फाइलचं नाव दिलं की झालं. त्या सकाळची फाइल मी २८ दिवसांत पुसली जायच्या आधी बाजूला काढून ठेवली होती, ती अशीच बदलून घेतली, आणि संस्थेत नवीन रुजू झालेल्या मुलाला शिकवताना तीच उघडून देतो, सहा वीसपासून टी दाबत जा म्हणतो, लाल ओळ कुणामुळे झाली ते त्याचं त्याने शोधायचं.